नानांचं माप चुकलं नव्हतं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — कुणाशी भांडलो, कुणाची कॉलर धरली, कुठल्या गिऱ्हाइकाला पायरीवरून खाली उतरवलं. एवढं एक ठाऊक नाही. बरोबर काम करणाऱ्यांना नाही, भावाला नाही. अकरा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की आता ज्याला सांगायला हवं होतं तो माणूसच उरला नाही म्हणून? — खरं उत्तर मलाही नीट देता येत नाही. सुरुवात करतो, जमेल तसं.

मी चांगला माणूस आहे असं कुणी म्हणत नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. मी चांगला मिस्त्री आहे, एवढं मात्र माझ्या वाईटावर असलेलेही मान्य करतात. नाशिक-पुणे रस्त्याला, संगमनेरच्या जरा अलीकडे माझं गॅरेज आहे. टू-स्ट्रोक मोटारसायकली निघायच्या बंद होऊन किती काळ लोटला, तरी आमच्याकडच्या मातीतल्या शर्यतींत टू-स्ट्रोकचा वेगळा गट अजून असतो. त्या गटात पुढे असलेल्या गाडीचं इंजिन कुणी उघडलंय असं विचारलंत, तर बहुतेक वेळा माझंच नाव निघेल.

हे नाव मला कुणी दिलेलं नाही. मी पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की आई-बाप कोयते घेऊन बागायतात यायचे, आणि त्यांच्याबरोबर मी. कोपरगावकडच्या एका कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत माझं लहानपण गेलं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या फिटरला पाने देत देत हात बसला. पोर्टिंगचं काम — म्हणजे शर्यतीसाठी सिलेंडरच्या आतल्या वाटा बदलणं — ते तर कुणीच शिकवलं नाही. शिकवणारे होते पुण्याला, आणि ते दारात उभं करत नव्हते. मग मी भंगारातून सिलेंडर विकत आणायचो, हॅक्सॉने उभे कापायचो आणि आतल्या वाटा बोटाने चाचपत बसायचो. असे किती कापले असतील? मोजले नाहीत. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून नीट संवेदना नाही.

हे सगळं का सांगतोय — तुम्हाला माझी कीव यावी म्हणून? नाही. मी कीव घेत नाही आणि देतही नाही. पण पुढे जे सांगायचंय ते याच बोटांनी केलेलं आहे.

आता पुट्टीचं सांगावं लागेल.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण खालच्या पोटातून त्या भोकांपर्यंत बाजूच्या वाटांनी वर चढतं. त्या वाटा रुंद किती, वळतात कुठे, तोंड कुठल्या दिशेला — त्यावर सगळा खेळ. नवशिक्याला वाटतं, वाट जितकी मोठी तितकी गाडी पळणार. तो ग्राइंडर घालून खरवडत सुटतो. पण धातू एकदा खरवडला की परत येत नाही. वाट गरजेपेक्षा मोठी झाली की मिश्रणाचा वेग मरतो, आणि गाडी वळणातून बाहेर पडताना मेल्यासारखी ओढते. तिथे पुट्टी लागते. एपॉक्सी — दोन पुड्यांत येते, कणकेसारखी मळायची, दोन्ही रंग मिळून एक होईपर्यंत. मग बोटाने आत दाबायची, वाट अरुंद करायची, तळ उचलायचा, वळण द्यायचं. वाळली की दगड होते. मग कानशीने घासून हवा तो आकार आणायचा. जो धातू दुसऱ्याने घालवला तो मी असा परत आणतो. हे काम या पट्ट्यात मी सुरू केलं. आधी सगळे हसले.

पण पुट्टी धरते कशाला? तेलकट, गुळगुळीत भिंतीला ती धरत नाही. धरल्यासारखी दिसते. म्हणून आधी ती भिंत खरबरीत करायची, मोहरीएवढे खड्डे पाडायचे, म्हणजे पुट्टीची मुळं त्यात रुततात. थिनरने तीनदा धुवायचं. उन्हात वाळवायचं. धुतल्यावर बोट लावायचं नाही, कारण बोटालाही तेल असतं. अर्धा दिवस यातच जातो, आणि यातलं बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. धुऊन लावलेली पुट्टी आणि नुसती चिकटवलेली पुट्टी — बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. फरक लावणाऱ्याला ठाऊक.

प्रवरेच्या काठच्या एका गावात कारभारी नाना राहायचे. वडिलांनी ठेवलेलं नावच कारभारी, आणि गाव त्यांना नाना म्हणायचं. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते दूध मापायला होते — अठरा-वीस वर्षं. सकाळ-संध्याकाळ. दूध मापणारा माणूस म्हटला की गावात त्याच्याबद्दल काय काय बोललं जातं, हे तुम्हाला माहीत असेल. नानांबद्दल कधी कुणी बोललं नाही. माप काठाला टेकलं की ते वाकून डोळा त्या रेषेत आणायचे, आणि मगच ओतायचे. बायका म्हणायच्या, नाना आपल्या सख्ख्या भावाचं दूध थेंबभर जास्त मापणार नाहीत आणि वैऱ्याचं थेंबभर कमी. त्यांच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. हेच होतं.

त्यांचा मुलगा संदीप. तेव्हा तेवीस-चोवीसचा. शर्यतीत पळायचा, आणि चांगला पळायचा. त्याच्या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम नाना स्वतः करायचे. शर्यतीच्या टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन सिलेंडरला धरतं, मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि वर बसलेल्याचं काय होईल ते देवाच्या हाती. म्हणून नाना ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. केंद्रावरचं जुनं काचेचं नळकांडं त्यांनी त्यासाठी ठेवलं होतं, पन्नास मिलीचं, रेषा मारलेलं. तीन लिटर पेट्रोलला दोन नळकांडी तेल. संदीप हसायचा त्यांना. पण त्यांनी मिसळल्याशिवाय टाकीचं झाकण लावायचा नाही.

पुण्याच्या कुणीतरी संदीपच्या सिलेंडरच्या वाटा खरवडून वाया घालवल्या होत्या. म्हणून ते दोघं माझ्याकडे आले.

भाव करायला मला आवडतं. भावात कुणी मला चोर म्हणालं तरी मी मनाला लावून घेत नाही, मीही म्हणतो. नाना माझ्याहून चिवट निघाले. पाऊण तास घासाघीस चालली, दोघांनीही दोनदा उठून जायचं नाटक केलं, शेवटी एका आकड्यावर आलो. हातावर हात मारला. चहा सांगितला. तिथपर्यंत मी खूश होतो — खोटं कशाला बोलू, असा माणूस समोर असला की मला बरं वाटतं.

चहा आला तेव्हा गॅरेजमध्ये सात-आठ जण होते. नानांनी मळलेल्या पुट्टीचा गोळा दोन बोटांत उचलला, वास घेतला.

"मिस्त्री, ह्यो तर चिखल हाय."

"चिखल न्हाई नाना. एपॉक्सी हाय."

"असंल. पन आमच्या घरात बाया फुकट सारवत्यात, आन तुमी आतून सारवायचे पैशे घेता." सगळे हसले. मीही हसलो. मग नाना म्हणाले, "तुमी मूळचे कुठले म्हनला?"

"पाथर्डीकडचा."

"अरारा. तिकडं तर प्यायला पानी न्हाई." त्यांनी गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "मंग चिखल कुठनं आनता?"

गॅरेज हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. एकाच्या नाकातून चहा आला. संदीपने तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलत होते.

एवढंच. एवढंच बोलले ते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आज मला म्हणता येतं — नाही, आजही म्हणवत नाही. बागायतातल्या माणसाला पाण्याची थट्टा करता येते, कारण त्याच्या आईला कधी दुसऱ्याच्या विहिरीवरून रिकामा हंडा घेऊन परत यावं लागलेलं नसतं. माझी आई आलेली आहे. मी तिच्या लुगड्याला धरून बरोबर होतो. पुढे कितीतरी दिवस जो गॅरेजवर यायचा तो विचारायचा, "मिस्त्री, चिखल आला का?" आणि मी त्याला चहा पाजायचो. राग आला की मी ओरडतो, फेकतो, मारायला धावतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी यातलं काहीही केलं नाही. तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं.

पण हे कारण म्हणून सांगत नाही. यापेक्षा वाईट बोलणं मी हजारदा ऐकलंय आणि हजारदा ऐकवलंयही.

काम करायला चार दिवस होते. घाई नव्हती. ग्राइंडर हाताशी होता, थिनरची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. सिलेंडर माझ्यापुढे बाकावर होता, आणि मी मनात म्हणालो — चिखल ना? मग चिखलासारखाच लावतो.

भिंत खरवडली नाही. खड्डे पाडले नाहीत. थिनरचं झाकण उघडलं नाही. ज्या फडक्याने सकाळी चेन पुसली होती त्याच फडक्याने आतून एक हात फिरवला, आणि पुट्टी दाबली. आकार मात्र दिला — असा आकार दिला की आजही मला त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटतो याची लाज वाटते. वाट कुठे दबली पाहिजे, कुठे उचलली पाहिजे, तोंड कुठे वळलं पाहिजे, सगळं जिथल्या तिथे. वाळल्यावर बोटाने ठोकून पाहिली. टणक. गाडी जोडली, संदीप रस्त्यावर फेरी मारून आला आणि त्याने मला मिठी मारली. अशी कधी ओढली नव्हती म्हणाला. संध्याकाळी नानांनी घरचं दोन लिटर दूध पाठवलं. ते आम्ही प्यालो.

तुम्हाला वाटेल, काय होणार हे मला ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत पुट्टी सुटेल, गाडी ओढायची बंद होईल, नाना परत येतील, आणि मग मी सांगेन तो भाव. असं वाटलं होतं — की असं वाटलं होतं, हे मी नंतर स्वतःला शिकवलं? अकरा वर्षं एकच गोष्ट घोटली की खरी कुठली आणि घोटलेली कुठली, कळेनासं होतं. पुट्टीचा तुकडा वर जाऊन पिस्टनमध्ये अडकू शकतो हे मला माहीत होतं. हे मात्र नक्की. कापलेल्या सिलेंडरांवर मीच ते दुसऱ्यांना समजावून सांगत असे. शर्यतीला दोन दिवस बाकी असताना एकदा फोन हातात घेतला होता. गाडी परत आणा म्हणणार होतो. पण का आणू म्हणून विचारलं असतं, तर काय सांगणार होतो? फोन ठेवून दिला.

शर्यत ऊस तुटून गेलेल्या एका रानात होती. रोलर फिरवून माती दाबलेली, मधे दोन-तीन उंचवटे केलेले. नाना ट्रॉलीच्या सावलीत पेट्रोलचं कॅन घेऊन बसले होते, आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. हे नीट ऐका. नानांनी नळकांडं डोळ्यासमोर धरलं, तेल रेषेपर्यंत आणलं, एक थेंब वर गेला तो परत डब्यात पाडला, आणि ओतलं. नळकांडं उलटं धरून सगळं निथळू दिलं. मग पुन्हा भरलं, पुन्हा डोळ्यासमोर धरलं, पुन्हा ओतलं. दोनदा. मधे केंद्रावरून कुणाचा तरी फोन आला होता, तो त्यांनी कान आणि खांद्यात धरून घेतला, पण नजर रेषेवरून हलली नाही. मी बघत होतो. मी एकटाच बघत होतो.

तिसऱ्या फेरीला, सरळ पट्ट्यात, गाडी चौथ्या गिअरमध्ये असताना आवाज तुटला. मागचं चाक अडकल्याची रेघ मातीत लांबच लांब उठली. संदीप आडवा पडला, आणि मागून येणाऱ्याला गाडी वळवायला जागा मिळाली नाही. ती त्याच्या मांडीवरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नाशिकच्या दवाखान्यातून घरी आले ते धारा काढायला आणि इंजिन उघडायला. मला बोलावून घेतलं. अंगणात गावातली दहा-बारा माणसं. नाना म्हणाले, "उघडा. काय झालं ती मला कळू द्या."

मी हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, काढलं. सिलेंडर उचलायला गेलो आणि बघितलं — वाटेच्या तोंडाशी, पिस्टनच्या कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा करडा तुकडा. एका बाजूने माझ्या कानशीचे ओरखडे, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत, तेलकट. भिंतीवरून जसाच्या तसा निघून आलेला. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं? मी अंगठ्याने तो दाबून घेतला, फडक्यात गेला, फडकं खिशात गेलं. किती वेळ लागला असेल? तुम्ही शिंकायला घेता तेवढा.

मग पिस्टन वर धरून लोकांना दाखवलं. त्यावर ओरखडे होते, तसे ते कशानेही पडतात. मी म्हणालो, "तेल कमी पडलं."

नाना म्हणाले, "मी मापून घातलं व्हतं."

"पिस्टन काय खोटं बोलतंय का, नाना?"

हे मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो, आणि म्हणताना मला बरं वाटलं. त्या अंगणात त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

ते माझ्याशी भांडले असते तर? इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडे नेलं असतं तर? मी तयारीत होतो. पण ते भांडले नाहीत. ओट्यावर बसले आणि आठवू लागले. माझ्यासमोर, मोठ्याने. फोन आला व्हता. केंद्रावरून व्हता. पयलं नळकांडं वतलं, मंग फोन घेतला... मंग दुसरं भरलं का? भरलंच आसंल. भरलं का पन? — सरळ, मापाचा माणूस, त्याने स्वतःच्या आठवणीत स्वतःच चूक शोधायला घेतली आणि अर्ध्या तासात ती तयार करून दिली. मी पाने डब्यात भरत होतो.

संदीपचा पाय वाचला, पण दोन इंच आखूड राहिला. गुडघा वाकत नाही. आणि नानांचं काय झालं ते ऐका, कारण खरं सांगायचंय ते हेच आहे. केंद्रावर एक दिवस कुणीतरी म्हणालं, "नाना, जरा बघून मापा. पोराचं तेल मापलं तसं नका मापू." म्हणणारा हसत होता. पण दुसऱ्या दिवशी एका बाईने घरून दूध मापून आणलं, आणि नानांनी मापल्यावर दोन्ही आकडे जुळतात का ते पाहिलं. जुळले. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींनी तसंच केलं. जुळत होते, रोज जुळत होते, तरी आणत राहिल्या. महिन्याभरात नानांनी केंद्राची किल्ली नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती.

आणि माझं? माझं नाव झालं. मिस्त्रीने नुसतं पिस्टन बघून तेल कमी होतं हे सांगितलं — लांबलांबून इंजिनं यायला लागली. पुढे संदीपला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकायला मी हत्यारं दिली, चार गिऱ्हाइकं जोडून दिली. लोक म्हणाले, तापट आहे पण मनाचा मोठा आहे. मी ते ऐकून घेतलं. भाव करणारा माणूस आहे मी — स्वतःशीही तेच केलं. पाय बरा होऊ दे, मग सांगू. दुकान चालू होऊ दे, मग सांगू. नाना पुन्हा माझ्या गॅरेजवर येऊन चार शब्द नीट बोलू देत, मग सांगू.

नाना आले. चार वर्षांपूर्वी, एकटे, एसटीने. दुपारची वेळ, मी एकटाच होतो. खूप वाळले होते. बाकावर बसले, पाणी प्याले, तांब्या नीट जागेवर ठेवला.

"मिस्त्री, एक इचारायचं हाय. राग धरू नका." मी म्हणालो, विचारा. "त्या दिवशी तुमी माझ्या शेजारी हुबं व्हता. माझं काय ध्यान व्हतं का न्हाई, मला आठवंना झालंय. तुमी बघत व्हता. मी नळकांडं एकदा भरलं का दोनदा?"

ते माझ्याकडे बघत होते. आरोप नव्हता त्या बघण्यात. त्यांना नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, आणि ते माहीत असलेला जगात एकच माणूस होता, म्हणून ते तीन तास एसटीची वाट बघत आले होते.

दोनदा म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता. मग इंजिन का धरलं? त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नसतं का? आलं असतं. मी मोठमोठ्या व्यापाऱ्यांना तोंडावर गप्प केलंय, मला शब्द सापडले नसते? चूक एका हाताची होती आणि तो हात त्यांच्यासमोर बाकावर ठेवलेला होता.

मी म्हणालो, "एकदा."

नानांनी मान हलवली. "मलाबी तसंच वाटायचं," म्हणाले. मग थोडा वेळ बसले, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि उठून गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायलाही गेलो नाही.

अंगणातलं खोटं घाईत झालं होतं, भीतीत झालं होतं, रागात झालं होतं, असं म्हणता येईल. याला काय म्हणू? सात वर्षं झाली होती. राग विझला होता — विझला नव्हता, पण तेवढा नव्हता. गॅरेज माझं होतं, नाव माझं होतं, समोर एक म्हातारा होता ज्याला एक शब्द हवा होता. दोनदा. तीन अक्षरं.

या वर्षी संक्रांतीनंतर नाना गेले. दशक्रियेला मी गेलो. प्रवरेच्या काठी मंडप होता, प्रवचन चाललं होतं, माणसं खूप होती. केंद्रावर दूध घालणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. सगळं उरकल्यावर संदीप पाय ओढत माझ्याकडे आला, आणि माझा हात धरून त्याने मला बाजूला नेलं.

"भाऊ, तुमाला म्हनून सांगतो," म्हणाला. "जायच्या दोन दिस आधी नाना मला म्हनले, माझ्या हातनं तुझा पाय गेला, मला माफ कर. आमी कधी त्यो इषय काढला न्हवता. मी म्हनलं, नाना, मी कवाच माफ केलं तुमाला. लई रडले ओ. मंग झोपले शांत." त्याने डोळे पुसले. "बरं केलं ना भाऊ मी?"

त्याचा हात अजून माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "बरं केलंस."